नमुना क्रमांक एकतीस

गावडोंगरीच्या वरच्या सड्यावर
आम्ही अमावास्येच्या आसपासच्या रात्री धरतो.
चांदणं पडलं की ते बाहेर येत नाहीत,
हे मला पुस्तकानं नाही,
कुष्टा वेळीपनं सांगितलं.
जांभळ्या टॉर्चचा उजेड चिऱ्यांच्या फटीवरून फिरतो
आणि दगडातून एकेक हिरवट अक्षर उमटतं :
वळलेली नांगी, उघडे आकडे.
"बाये, हांगा पळय."
भातातला खडा वेचावा
तसा तो चिमट्यानं विंचू उचलतो.

त्याचा बापूस विंचू उतरवायचा.
माणूस पायरीवर विव्हळत बसलेला,
म्हातारा पाला फिरवत काहीबाही पुटपुटायचा.
कधी उतरायचं, कधी नाही.
लाल विंचवाचं असलं तर नाहीच.
"आमच्याकडं विष उतरवायची विद्या,
तुमच्याकडं काढून बाटलीत भरायची," कुष्टा म्हणतो,
"दोन्हीकडं पैसे नाहीत."

पंधरा व्होल्टचा हलका झटका नांगीला.
पहिला थेंब पाण्यासारखा. तो बाजूला.
दुसरा ताकासारखा दाट,
त्याच्यासाठी हा सगळा खटाटोप.
त्यातल्या शेकडो प्रथिनांपैकी एकाच्या मागे
मी चार वर्षं आहे :
ते किड्याच्या मज्जातंतूचं दार बरोबर ओळखतं
आणि माणसाच्या उंबऱ्यावर
त्याची किल्ली लागत नाही.
निदान कागदावर तरी.

काजूवरच्या ढेकण्याला सुईनं टोचलं
तर मिनिटभरात पाय आखडून उलटा पडतो.
साखरपाण्यातून पाजलं
तर पितो, पचवतो, आणि काचेवर
निवांत मिशा पुसत बसतो.
माझी चार वर्षं म्हणजे त्याची न्याहारी.
पोटाची भिंत ओलांडून
ह्याला आत नेणारं कुणीतरी हवं, असं मी अहवालात लिहिते.
दर अहवालात लिहिते.

कुष्टाचा हात थरथरतो.
विंचू धरताना नाही, कपबशी धरताना.
वीस वर्षं देसायांच्या काजूबागायतीत
पाठीवर पंप, तोंडाला लुंगीचं टोक,
डब्यावरचा लाल त्रिकोण त्याला वाचता येत नव्हता
असं नाही.
"विंचू डसला की माणूस सगळा गाव उठवतो.
पंपातलं डसतं तेव्हा
ज्याला डसलं तोसुद्धा झोपलेला असतो."
एवढंच बोलला
आणि खिशात काडेपेटी चाचपू लागला.

मी मूळची परभणीची. मग राहुरी, मग धारवाड, मग इथं.
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, आई म्हणायची,
दर खेपेला ट्रंकेला दोरी बांधताना.
मला वाटे, बिऱ्हाड म्हणजे
स्टोव्ह, गादी, डाळींचे डबे.

एकतिसावा डबा उघडला.
तिच्या पाठीवर भिजवलेल्या तांदळासारखी
पंचवीस-तीस पिल्लं,
एकमेकांच्या पायांत पाय अडकवून.
ती हलली नाही. नांगी तेवढी वर.
माझ्या हातात दोन तारा.
कुष्टा खिडकीतून रस्त्याकडे बघत राहिला,
जणू बस यायची होती.
एक पिल्लू घसरलं,
तिच्या आकड्याशी थांबलं,
आकड्यावरूनच परत वर चढलं.
मी तारा खाली ठेवल्या.

नोंदवहीत लिहिलं : नमुना ३१, वगळला.
कारणाच्या रकान्यात बराच वेळ काही सुचेना.
मग लिहिलं : पाठ मोकळी नाही.
साहेब विचारतील तेव्हा बघू.

डबा काखेत मारून कुष्टा निघाला,
ज्या चिऱ्याखालून आणली
त्याच चिऱ्याखाली नेऊन सोडायला.
दारात थांबला, चप्पल शोधली.
"उद्या सकाळी जमायचं नाही, बाये.
काजूला नवी पालवी आली.
देसायांकडं फवारणी आहे."