जागा बदलू नका

कुंडी घेतली तेव्हा तिच्यावर पिवळं लेबल होतं,
किंमत निम्मी, पानंही निम्मीच,
आणि सुपरमार्केटच्या दाराशी डंडीचा वारा
ट्रॉल्यांसकट तिलाही ढकलत होता.
कोटाच्या आत घालून आणली बसमधून,
चोरलेल्या मांजरासारखी.
जास्वंद. पट्टीवर रंगाच्या जागी नुसतं: मिश्र.

दुकानातल्यांना बुटकं राहायचं औषध पाजलेलं असतं म्हणे.
वर्षभरात ते उतरलं
आणि ती अशी सुटली वर
की पडद्याच्या दांडीला डोकं लागलं.
मार्चमध्ये छाटली, निम्म्यावर. हात धजत नव्हता.
आठ दिवस स्वयंपाकघरात
आम्ही दोघी एकमेकींशी बोललो नाही.

मग मावा आला.
बाहेर बर्फ, खिडक्या बंद, तरी आला.
भांड्यांच्या साबणाचं पाणी, जुना टूथब्रश,
पानाची पाठ, मग पोट, मग पुन्हा पाठ.
दिवसभर मी लोकांच्या बरगड्यांचे एक्स-रे काढते,
श्वास रोखा, म्हणते. हं, आता सोडा.
संध्याकाळी हिलाही तेच.

एक मात्र शिकले. हिला हलवायचं नाही.
रेडिएटरपासून हातभर, काचेपासून वीतभर,
तोंड टे नदीकडे.
चार बोटं सरकवली तरी कळ्या टाकते,
हिरव्या, घट्ट, न उघडलेल्या,
फरशीवर टप्प.
(माझं कुणी विचारू नये. मी पाच घरं बदलली.)

ऑगस्टमध्ये पित्ताशयाचं ऑपरेशन ठरलं.
किल्ली खालच्या मजल्यावरच्या गिलक्रिस्टना दिली,
गोदीत वेल्डर होते, आता एक कान बंद.
कागदावर लिहून दिलं:
बोट पेरभर मातीत खुपसा. कोरडं लागलं तरच पाणी.
बशीत साचलेलं ओतून टाका.
जागा बदलू नका. याच्याखाली दोन रेघा.

जखम चिघळली, बारा दिवस लागले.
आले तर झाड जागच्या जागी
आणि टेबलावर अंड्यांचा पुठ्ठ्याचा खोका,
सहा खळग्यांचा.
पाच खळग्यांत पाच फुलं,
मिटून पिळलेली, ओल्या छत्र्यांसारखी,
लाल वाळून वांग्याच्या सालीवर गेलेलं,
प्रत्येकाखाली पेन्सिलीने वार:
सोम. बुध. गुरु. शनि. रवि.
सहाव्यात नुसती चिठ्ठी.
"मंगळवारी बहुतेक एक उमललं होतं.
मी मुलीकडे गेलो होतो, उशिरा आलो.
ते खाली पडलं असणार, आणि मी आधी व्हॅक्यूम फिरवला.
माफ करा."

बारा दिवसांत माझा ताप कुणीकुणी लिहून ठेवला होता,
लघवी, रक्तदाब, टाके,
सगळं वेळेसकट.
तरी मी रडले ती या खोक्यापाशी,
टाके ओढले जातील म्हणून बेताने.

दुसऱ्या दिवशी त्यांना चहाला बोलावलं.
आले, टोपी काढली, झाडापुढे उभे राहिले
जशी कुणाची परवानगी लागते बसायला.
"एकच दिवस टिकतं, हे तुम्ही सांगितलं नाही," म्हणाले.
खरंच नव्हतं सांगितलं.
आमच्याकडे ते कुणी सांगत नाही,
सकाळी तोडायचं आणि वाहून टाकायचं,
संध्याकाळचं फूल मीही कुठे पाहिलं होतं?

मधल्या फांदीवर एक कळी होती,
टोकाशी लाल कड सुटलेली.
"उद्या?"
मान हलवली.
"किती वाजता?"
साडेसातला या, मी म्हटलं,
टेबलाला वळसा घालून, मोठ्याने,
चांगल्या कानात.