रविवारी बंद

कोर्लईच्या वळणावर, दीपगृहाकडे रस्ता चढतो तिथे
माझी खानावळ.
शनिवारी रात्री साडेदहाला
मी पाटीवर खडूने लिहिते: उद्या बंद.

पुतण्या म्हणतो, आत्ये, डोकं फिरलंय तुझं.
मुंबई-पुण्याची सगळी भूक रविवारीच उतरते इथे.
मंगळवारी ठेव की बंद,
देव काय कॅलेंडर घेऊन बसलाय?

त्याचं खरं आहे.
लोकांचा विसावा माझ्याच चुलीवर शिजतो:
अठरा थाळ्या, त्यात सहा सुरमई,
आणि कोणाचं तरी पोर भेंडीच मागतं.

पहिल्या रविवारी मिस्साहून आले
आणि काय करायचं तेच कळेना.
साडी बदलली. खुर्चीत बसले. उठले.
नारळ सोलायला घेतला, ठेवला.
मसाल्याच्या बरण्या पुसल्या,
शेवटच्या बरणीला आठवलं, हेही कामच.
चुलीपासून दारापर्यंत,
दारापासून चुलीपर्यंत.

तेव्हा रेवदंड्याचा हसाजी तेली आठवला.
खोबरं घेऊन आम्ही त्याच्याकडे जायचो, शनिवार सोडून.
एकदा बाबा वार विसरले.
घाणा उभा होता.
हसाजी ओट्यावर, धुतल्या टोपीत, हात मांडीवर.
आणि बैल, झापडं काढलेला, मानेवर जू नाही,
अंगणात एकटाच गोल फिरत होता.
बाबा म्हणाले, याला सुट्टी नाही वाटतं?
हसाजी म्हणाला, आहे की. त्याच्यापर्यंत पोचायची आहे अजून.
दुपारपर्यंत बसेल.

पुढे हसाजी इस्रायलला गेला.
बैलाचं काय झालं, कोणी सांगितलं नाही.

मीही त्या दिवशी दुपारपर्यंत बसले.

मग बुधी. बुधवारी जन्मली म्हणून बुधी,
भांडी घासते, मासे साफ करते.
म्हणाली, बंद म्हणजे माझा खाडा का?
आज्ञेत सगळ्यांची नावं आहेत:
तू, तुझी मुलगी, तुझी दासी, तुझं गुरू,
वेशीच्या आत आलेला परकासुद्धा.
पण मजुरीचं तिथे काही म्हटलेलं नाही,
असं मी बरेच दिवस धरून चालले होते.
रात्री वही उघडली.
रविवारच्या रकान्यात तिच्या नावापुढे चारशे मांडले.
हात अडखळला, खोटं कशाला बोलू.
देवावर विश्वास ठेवणं सोपं आहे,
चारशे रुपये अवघड.

आता जमतं थोडं थोडं.
चारच्या सुमाराला खाडीच्या तोंडाशी जाऊन बसते.
समुद्राला कसली सुट्टी, असं वाटायचं.
पण भरती संपून ओहोटी लागायच्या आधी
पाणी घटकाभर उभं राहतं.
नांगरलेल्या होड्यांना कळत नाही
तोंड कुठे करावं.

आज दार वाजलं.
नवरा-बायको, एक म्हातारी सासू, झोपेतून उठलेली मुलगी.
पाटी वाचलीय आम्ही, तो म्हणाला, पण कुठेच जागा नाही,
आईंची गोळी घ्यायची वेळ टळून गेलीय.
घरात कालच्या भाताची पेज होती,
भाजलेला बोंबील, एक कैरी.
चूल नाही पेटवली. तेवढंच पाच जणांत वाटून घेतलं.
मुलीने कैरीला मीठ लावलं आणि डोळे मिटले.

किती झाले?
आज दर नाही.
नाही, पण म्हणजे किती?
आज दर नाही.

जाताना त्याने ताटाखाली पाचशेची नोट सरकवली,
मला दिसणार नाही अशा बेताने, पण दिसेल अशीही.
ताट तसंच आहे. उद्या विसळीन.
नोटही उद्या उचलीन.

खाडीवरून वारा सुटलाय.
नोटेची एक कड हलतेय.
मी अर्धी उठले,
परत बसले.