रुमालाखाली

माझे मामा हळदीच्या सौद्यात तोलार होते.
रुमालाखाली दोन हात, बोटं दाबली की भाव,
वर चेहरे असे, जणू पावसापाण्याचं बोलतायत.
मी गणपती पेठेत टेबल मांडून बसते
आणि उघड्यावर विचारते:
बिनगंधकाच्या बेदाण्याला
पाव किलोमागं किती जादा द्याल?

तोंडी विचारलं की माणसं मोठी होतात.
'पन्नास! तब्येतीपुढं पैसा काय, ताई?'
म्हणून आम्ही आधी साठ रुपये हातात देतो, खरे,
आणि पिवळ्याधमक बेदाण्याचं पाकीट.
बदलून तांबूस हवं? आकडा सांगा.
मग डब्यातून चिठ्ठी निघते.
तुमच्या आकड्याच्या वर गेली, तर पिवळंच घरी न्या.
खाली राहिली, तर चिठ्ठीचा भाव लागू.
खोटं बोलून कुणाचाच फायदा नाही,
हे सरांनी फळ्यावर सिद्ध केलं होतं.

पन्नासवाले श्रेणिक आडमुठे
नोटा हातात आल्यावर बारावर आले,
मग पेन झटकून, सात.

दुपारी निलव्वा आली, जतकडची.
सावळजच्या शेडवर बेदाणा निवडते, सहा हंगाम झाले.
डोळ्यांच्या कडा लाल.
नियम मी दोनदा सांगितला.
तिनं साठही टेबलावर ठेवले.
'सगळे?'
'सगळे.'
सर मागून पुटपुटले, हिला कळलेलं नाही.

चिठ्ठी निघाली नऊची.
तांबूस पाकीट तिनं तिथंच दातानं फोडलं.
खाल्लं नाही. नाक आत घातलं,
बराच वेळ. मागची माणसं खोळंबली.
'धुरीचा वास न्हाई,' म्हणाली.
आणि परत, जरा हळू, 'न्हाईच की.'

मी उरलेले एकावन्न पुढं केले.
'ह्ये कशाचं?'
पुस्तकात त्याला नाव आहे, संतोषाधिक्य.
परीक्षेत मी त्याचा त्रिकोण काढलाय,
आत रेघोट्या मारून.
म्हटलं, तुमचेच.
'एकावन्न म्हंजे आहेराचं,' ती हसली,
'लगीन कुणाचं हाय?'
पाकिटाचं तोंड पिळून
तासगावच्या यष्टीकडं गेली.

संध्याकाळी सरांनी तिच्या साठाभोवती गोल काढला.
वगळ, म्हणाले, सरासरी बिघडते.
मी वगळला.

टेबल आवरताना घाम पुसायचा रुमाल
हातावर पडून राहिला.
त्याच्याखाली माझीच बोटं मी चाचपत होते:
साठाला कुठली धरायची,
मामांना विचारायचं राहूनच गेलं.