बिडाची पट्टी

आमच्या धंद्यात बीड म्हणजे जिल्हा नाही,
ओतीव लोखंड.
निवताना शंभराला एक आकसतं,
म्हणून त्याची पट्टीच वेगळी,
तिचा सेंटिमीटर जरासा लांब.
गफूरमिस्त्री जाताना देऊन गेले:
"कापडवाल्याला दाखवू नको, फुकटात मोजून घेईल."

जालन्यात दोन शटरचा गाळा.
शिवणीचं लाकूड मिलिंगला लावायचं,
कडेला दीड अंश उतार,
नाहीतर रेतीतून उचलताना फर्मा
साच्याचा कोपरा घेऊन येतो.
फर्मा रेतीत बसतो, निघतो,
राहिलेल्या पोकळीत वितळलेलं बीड.
पंप कुणाच्या तरी विहिरीवर जातो,
फर्मा आमच्या माळ्यावर, धूळ खात.

प्रणिताची उंची दर दिवाळीला
गाळ्याच्या चौकटीवर मी खिळ्यानं ओढायचो,
हाताला लागेल त्या पट्टीनं.
बारावीनंतर एकशे साडेत्रेपन्न.
पोलीस भरतीला पंचावन्न लागतात.
तिनं पहाटेचं पळणं सोडलं,
बूट मावसबहिणीला दिले,
माझ्याशेजारी व्हर्निअर धरायला लागली.

काल इम्पेलरच्या मापाला
पहिल्यांदा ती पट्टी तिच्या हातात दिली.
तिनं डोळ्याजवळ नेली,
टोकाची झिजलेली अक्षरं वाचली.
काही बोलली नाही.
खुंटीवरचा साधा टेप काढला,
चपला काढल्या,
चौकटीला पाठ लावून उभी राहिली.

इतकी वर्षं मी पोरीचं
निवल्यानंतरचं माप घेत होतो.

खिळा हातात थरथरायला लागला.
"अप्पा," ती म्हणाली, मान न हलवता,
"रेघ सरळ ओढा."