दुसरा गिअर

सहाशे पौंडांना दिली मी त्याला लाल माझदा.
खालचा पत्रा गंजून पापडासारखा झालेला,
दाबलं तर बोट आत.
ॲल्विन ब्यूशर म्हणाला, पत्रा नकोच मला.
आतलं हवंय.

मेरीपोर्टला, बंदराच्या वरच्या अंगाला त्याचं गॅरेज.
माणूस गाड्यांतला नव्हे. चाळीस वर्षं कवळ्या केल्या त्याने,
अर्ध्या गावाचं हसू त्याच्या हातचं.
"दात नीट बसला का, ते कारागीर नाही सांगत," म्हणायचा,
"जीभ सांगते."

एका गाडीतून दुसरी करायची, तर पहिलीला म्हणतात दाता.
मी व्हाइटहेवनच्या इस्पितळात रात्रपाळीची नर्स, एकोणीस वर्षं.
हा शब्द मी कुजबुजतच वापरलेला,
नातेवाईक कॉरिडॉरमध्ये उभे असताना.
तो मात्र हातात पाना घेऊन, चहा पीत,
खणखणीत आवाजात: "दाता चांगला मिळाला!"

फेब्रुवारीत इंजिन साखळीवर वर आलं.
मग गिअरबॉक्स, मग मागचा डिफरन्शियल,
मग वायरिंगचा अख्खा गुंता,
टोकाटोकाला कागदी चिकटपट्टी, वर मुंगीएवढं अक्षर.
फोन यायचा नेमका जेवताना:
"मॅरियन, ही हिरवी-पिवळी कशाची?"
मला काय ठाऊक. मी नुसती चालवली.
"डावा इंडिकेटर पावसात रुसायचा?"
रुसायचा.
"मग तीच."

सीटखालचं काहीबाही पाकिटात घालून आणून द्यायचा.
केसांची पिन, पेपरमिंट, थर्मामीटरचं टोपण.
एकदा पार्किंगची पावती. तारीख वाचून
मी ती परत त्याच्याच हातात ठेवली.
त्याने विचारलं नाही.
कवळीवाल्याकडे तोंडाचा फक्त साचा येतो,
बोलणं नाही.

सांगाडा भंगारवाल्याच्या ट्रकवरून गेला.
मी तेव्हा पावाच्या रांगेत होते.
लाल ओळखला.
रांग सोडली नाही.

नव्या गाडीच्या पुस्तिकेत जागोजागी छापलेलं: सहज बसेल.
'सहज' त्याने पेन्सिलने खोडला, अकरा ठिकाणी.
फायबरचं नाक तिरकं बसलं, काढलं, पुन्हा तिरकं बसलं.
एनिड, त्याची बायको, म्हणाली,
गॅरेजमध्ये अंथरूण टाकून देऊ का?
आणि दुसऱ्या हिवाळ्यात खरंच एक जुनी रजई तिथे गेली,
पण ती इंजिनवर.

तपासणीला गेला तो नापास होऊन आला.
डॅशबोर्डखाली एका बोल्टचं डोकं टोकदार,
गुडघा लागला तर कापेल, म्हणे.
त्याने कपाटातून जुनी कानस काढली,
दाढा घासायची,
आणि संध्याकाळभर त्या एका बोल्टला
कुणाच्या तरी तोंडात बसवायचंय असा घासत राहिला.

दुसऱ्यांदा पास.
नंबर मिळाला तो क्यू अक्षराचा.
जन्मसाल धड सांगता येत नाही अशांना देतात तो.
सात बोल्ट उरले, मार्मालेडच्या बरणीत.
"हे कुठले, तुला काही सुचतं?"
मला कसं सुचणार, ॲल्विन?
"तपासनिसालाही नाही सुचलं," तो म्हणाला,
आणि झाकण घट्ट लावलं.

मग एका रविवारी, ॲलनबीच्या रस्त्याला, मी शेजारी.
छप्पर नाही, दारं नाहीत,
उजव्या हाताचा वारा डाव्या कानातून बाहेर.
गाडी हिरवी. नाक अजून जरासं तिरकं.
माझं काहीच नव्हतं तिच्यात,
म्हणजे दिसेल असं.

चढ आला, त्याने दुसरा टाकला
आणि ती कुरकुरली.
तीच कुरकुर, पहाटे सव्वासहाची,
पायांत बूट सुजून घट्ट झालेले असायचे तेव्हाची.

"माफ कर," तो ओरडला, "उघडून बघतो पुढच्या महिन्यात!"
मी ऐकलं नाही.
माझा डावा पाय तोवर आपसूक खाली गेला होता,
दुसऱ्यासाठी ती जरा जास्तच दाबावी लागायची.
तिथे क्लच नव्हता.
ॲल्युमिनियमचा गार पत्रा होता
आणि एक बोल्ट,
डोकं गुळगुळीत घासलेलं.