भाग पाचवा कुणाकडे आहे?

त्रिमूर्ती चौकात, चपलांच्या दुकानावरच्या माळ्यावर
कोठावद्यांची लायब्ररी आहे.
तिथे प्रेमकथांची एक मालिका आहे, नऊ भागांची,
त्यातले आठ.
पाचवा बाहेर गेलाय, कोठावदे म्हणतात, येईल.
दोन वर्षं झाली, येतोच आहे.

मी सहा-दहाच्या कंपनी बसमध्ये वाचते.
पुस्तकाला वर्तमानपत्राचं कव्हर,
राशिभविष्याची बाजू बाहेर.
विल्होळीपर्यंत दोघांचं भांडण,
वाडीवऱ्ह्याला हाताला हात लागतो,
आणि गोंद्याच्या फाटकाशी नेमकं कुणीतरी दार वाजवतं.
मला उतरावं लागतं.

पहिल्या भागात ती दोघं एकमेकांच्या जिवावर उठलेली,
म्हणजे लग्न ठरलंच.
दुसऱ्यात घरच्यांसाठी खोटा साखरपुडा,
पेढे तेवढे खरे.
तिसऱ्यात हॉटेलात एकच खोली शिल्लक
आणि खोलीत एकच पलंग.
इथे मी हसले, मोठ्यानं.
सिडकोतल्या आमच्या दीड खोलीत
सहा माणसांत एकच पलंग होता
आणि त्यावर आत्याचे पाय दुखायचे.
कुणाचा जीव कुणावर जडला नाही.

तरी वाचते.
ते मध्ये उशी ठेवतात.
सकाळी ती उशी खाली पडलेली असणार, मला माहीत असतं,
आणि ती पडलेली असते,
आणि कुलूप नीट लागलंय ना
हे जिन्यातून परत जाऊन बघितल्यावर वाटतं
तसं बरं वाटतं.

चौथा दुसऱ्या संधीचा.
नवरा-बायको सात वर्षांनी विमानतळावर भेटतात.
तो मी तीनदा आणला
आणि तीनदा पन्नासाव्या पानावरून परत केला.
कोर्टातून माझा कागद आला त्या दिवशी
येताना मी अर्धा किलो चिवडा घेतला होता.
का, ते विचारू नका.

माझ्याआधी हे सगळं कुणीतरी वाचलंय.
समासात पेन्सिल, बारीक आणि ताठ.
ती पत्र फाडते, तिथे: इथे बोल ना.
तो जिना उतरतो, तिथे: अरे, बोल.
एका ठिकाणी नुसतंच: छे.
मी त्याला उंची दिली, चष्मा दिला,
दुमडलेल्या बाह्या, कॉलेजात शिकवणारा, विधुर.
सलग चार भाग वाचले की माणसाचं असंच होतं.

कोठावद्यांनी रजिस्टर माझ्याकडे फिरवलं.
हेमलता बोरस्ते, उत्तमनगर.
नोट प्रेसमध्ये होत्या, म्हणाले, चौतीस वर्षं,
कोऱ्या नोटांतल्या चुका शोधायच्या.
कुठे रेघ हललेली, कुठे शाई फुटलेली.
आता मुलीकडे असतात.
पाचवा त्यांच्याकडेच आहे.
फोन केला की सांगतात, संपला नाही अजून.

पाचवा म्हणे मंद आचेवरचा आहे.
दोनशे पानं नुसतं बघणं.
बाईंना घाई नाही,
किंवा खूण करायला जागा सापडत नाहीये,
किंवा त्यांना तो द्यायचाच नाहीये,
आणि ते मला पटतं.

आज आठ अंश.
फाट्यावर शेकोटीपाशी ड्रायव्हरचे हात,
बसच्या काचांवर आतून धुकं.
माझ्या मागच्या सीटवर निरगुडे, क्वालिटीतले,
अकरा वर्षं मागच्याच सीटवर.
अकरा वर्षांत गुड मॉर्निंग,
आणि एकदा, पगाराची स्लिप पडली तुमची.

सहाव्या भागात, पान एकशे बारा.
ती काही न बोलता लिफ्टमध्ये शिरते.
समासात पेन्सिल इतकी दाबलेली
की मागच्या पानावर उमटलीय.

मी वळले.
म्हटलं, काच ओढता का जरा, वारा येतोय.
त्यांनी ओढली. अर्ध्यात अडकली, अडकतेच ती.
मग मफलर काढून फटीत कोंबला
आणि खाली बघत म्हणाले,
कितवा भाग?

कव्हर तर मी नीट घातलं होतं.

सहावा, म्हटलं.
पाचवा मिळत नाहीये.