क्रमांक पन्नास

रात्रीचे पावणेदोन. परळ, इस्पितळाचा तळमजला.
सर्व्हरच्या खोलीत एसी अठरावर, मी बाबांच्या मफलरमध्ये.
गोवंडीच्या शाखेतून एक्स-रे येत नाहीत.
नाव येतं, वय येतं, खाटेचा नंबर येतो,
'स्त्री, डावा खांदा' एवढंही येतं.
खांदा येत नाही.

"मॅडम, पिंग तर जातंय," फोनवर इम्तियाझ.
जातंय ना. बोगदा शाबूत आहे,
दोन्ही टोकांच्या किल्ल्या जुळल्यात,
दर तासाला नव्याने जुळतात, न चुकता.

बाबा इंदिरा डॉकला टॅली क्लार्क.
फाटकावर उभं राहून कंटेनरचा नंबर वाचायचा,
कुठून आला, कुठे चालला, सील तुटलंय का.
आत काय आहे हे त्यांनी उभ्या जन्मात विचारलं नाही.
"आतलं शेडमध्ये बघतात. तो वेगळा साहेब."

माझी फायरवॉल त्याच नोकरीला लागलीय.
पाकिटात पाकीट. वरच्यावर दोनच पत्ते,
खाली प्रकार : पन्नास.
बाकी नुसता भुसा, कुणी कितीही चाळला तरी भुसाच.
नियम सात म्हणतो, पन्नास असेल तर घे आत.
आत कुलूप निघतं, आणि तेच पाकीट
उघड्या तोंडाने पुन्हा त्याच फाटकाशी येऊन उभं.
नव्या पोरांना हे पटत नाही. एकदा सोडलं ना?
सोडलं ते खोकं, बाबांनो.
आता आतला माणूस उतरलाय, त्याला विचारा
कुठल्या वॉर्डात जायचंय.

पण खांदा पहिल्या फाटकापर्यंतही पोचलेला नाही.
लॉगमध्ये त्याच्या नावाने शुकशुकाट.

अडीचला लक्षात आलं. कुलुपालाही वजन असतं.
रस्ता पंधराशे बाइटचा,
काठोकाठ भरलेल्या पाकिटावर आमचं कुलूप चढलं
की ते साठेक बाइटने फुगतं, वर शिक्का : फाडू नये.
मधला कुठला तरी राउटर, चेंबूरचा असेल, भला माणूस,
पाकीट टाकून देतो आणि उलट चिठ्ठी धाडतो :
मावत नाही, लहान करून पाठवा.

पिंग बोगद्याच्या पोटातून जातं, झाकलेलं.
ही चिठ्ठी मात्र उघड्या रस्त्याने येते,
आणि गोवंडीच्या फायरवॉलवर नियम तीन :
असल्या सगळ्या चिठ्ठ्या टाका. मुकाट. नोंद नको.
शेजारी शेरा, 'ऑडिटनंतर', आणि सही.
श. तो.

शर्मिष्ठा तोरसकर. मीच.
त्या वर्षी मला सगळंच बंद करायचं होतं.

गोवंडीत अजून एक्स-रे पाठवत बसलेत.
पुन्हा, पुन्हा, त्याच आकाराचे,
कारण त्यांना कुणी सांगितलंच नाही.

नियम तीनच्या वर एक ओळ घातली.
एवढी एक चिठ्ठी येऊ दे.
पाकिटं बारीक झाली, पन्नास, पन्नास, पन्नास,
आणि पडद्यावर वरून खाली उतरत आला
एका बाईचा गळ्याचा हाड, नव्हे, गळ्याचं हाड
(झोपेत व्याकरणही गळतं),
मधोमध केसाएवढी भेग.

तेवढ्यात वरून फोन, गेटवरचा सुर्वे :
"गोवंडीवरनं एक पोरगा आलाय स्कूटरवर,
ब्राऊन पाकीट घेऊन. सोडू?"
इम्तियाझने वाट न पाहता फिल्मच पाठवून दिली होती.

वर गेले. सुर्वेनं पाकीट उघडून
फिल्म ट्यूबलाइटसमोर धरली होती,
मान तिरकी करून, डोळे बारीक करून.
"सुर्वे, तुम्हाला पत्ता वाचायचाय फक्त."
"वाचला की. पण मॅडम, हिला फार लागलंय हो."

पोरगा हेल्मेट न काढता तसाच उभा.
मी त्याला म्हटलं, चहा घे.